आधी घाट, मग गोवा

क्लीटचे बूट घालून डांबरी रस्त्यावर चालणं म्हणजे खडावा घालून ओल्या फरशीवर चालणं. टाच आधी टेकते, टकटक आवाज येतो आणि पाय कधी सटकेल याचा नेम नसतो. २०१४ च्या जानेवारीत एका रविवारी सकाळी सिंहगडाच्या घाटातले शेवटचे तीन किलोमीटर मी असे चालत काढले, एका हाताने सायकल ढकलत. मोटरसायकलला दुधाचे कॅन लावलेले एक आजोबा शेजारी थांबले. ‘‘पंक्चर झाली काय?’’ मी हो म्हणाले. धडधडीत खोटं.

सायकल ठणठणीत होती. कार्बनची, आठ किलोच्या आतली, चकचकीत काळी. एका ओळखीच्या माणसाकडून जुनी घेतलेली. तो पाच फूट नऊ इंच, मी पाच फूट दोन. ‘‘सीट खाली केली की झालं,’’ असं तो म्हणाला होता आणि माझाही त्यावर विश्वास बसला, कारण मला ती सायकल हवीच होती. तिच्या पुढच्या दोन चकत्यांना ५३ आणि ३९ दाते होते, मागे सर्वांत मोठ्या चकतीला २५. शर्यत मारणाऱ्या पोराची सायकल होती ती. मी शर्यत मारणारी नव्हते आणि पोर तर मुळीच नव्हते. पुढे दोन वर्षं मानेचा एक्स-रे, फिजिओथेरपी आणि शेवटी घेतल्या किमतीच्या निम्म्याला विक्री असा त्या खरेदीचा प्रवास झाला.

हे सगळं आठवायचं कारण मागच्या वर्षी आलेला एक फोन. साताऱ्याहून. बँकेत अधिकारी, वय एक्केचाळीस. ‘‘ताई, तुम्ही सायकलींवर लिहिता ना? मला एकच सायकल घ्यायची आहे. यवतेश्वरच्या घाटात चालली पाहिजे आणि गोव्याला ट्रायथलॉनलाही चालली पाहिजे. दोन घेतल्या तर बायको घरात ठेवणार नाही. सायकल नव्हे, मला.’’

असे फोन आता नवे राहिलेले नाहीत. लांब पल्ल्याच्या शर्यतींचं हे वेड आपल्याकडे फैलावलं ते गेल्या दहाएक वर्षांत. २०१५ मध्ये मिलिंद सोमणने पन्नाशीच्या उंबरठ्यावर झुरिकची आयर्नमॅन ट्रायथलॉन पूर्ण केली आणि ‘आयर्नमॅन’ हा शब्द मराठी घरांत कॉमिकच्या बाहेर पडला. त्याच वर्षी नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी दोघांच्या गटात ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पुरी केली. दोन वर्षांनी नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकट्याने संपवली. पुणे ते गोवा ‘डेक्कन क्लिफहँगर’ आधीपासून चालू होतीच. मग ऑक्टोबर २०१९ मध्ये पणजीच्या मिरामारला आयर्नमॅन ७०.३ आली : १.९ किलोमीटर समुद्रात पोहणं, ९० किलोमीटर सायकल, २१.१ किलोमीटर धावणं. त्यानंतर पुण्या-कोल्हापुरातले डॉक्टर, वकील, पोलीस अधिकारी पहाटे पाचला तलावात उतरलेले दिसू लागले.

साताऱ्याचा माणूस या वाटेवर येणं तर अगदीच साहजिक. यवतेश्वर घाटातली हिल हाफ मॅरेथॉन त्या गावाने इतकी आपलीशी केली आहे, की धावणं हा तिथे घरोघरचा विषय. आमचे फोनवाले साहेब ती पाच वेळा धावलेले. पोहायला लहानपणीच शिकलेले, संगम माहुलीच्या घाटावर, पाठीला भोपळा बांधून. राहिली सायकल. ‘‘शाळेत होती ना, ॲटलास,’’ ते म्हणाले.

मी त्यांना सायकलीबद्दल काहीच विचारलं नाही. विचारलं ते एवढंच : गोव्याची शर्यत वर्षातून किती दिवस? एक. आणि यवतेश्वर, पसरणी, केळघर? जवळजवळ प्रत्येक रविवारी. मग सायकल कोणासाठी घ्यायची हे ठरलंच होतं. तरी त्यांनी दुसऱ्या दिवशी एका ट्रायथलॉन बाइकचा फोटो पाठवला. लांब पुढे आलेलं हँडल, विळ्यासारखी फ्रेम, मागचं चाक तव्यासारखं बंद. खाली मजकूर : ‘‘ही जुनी मिळतेय. स्वस्तात.’’

या सायकलीवर मी रागावलेली नाही. सपाट रस्त्यावर, वारा कापत, एकट्याने ताशी पस्तीसने जायला तिच्यासारखी दुसरी नाही. पण तिच्यावर गिअर बदलायचे खटके सहसा पुढच्या दांड्यांच्या टोकाला असतात आणि ब्रेक असतात बाजूच्या शिंगांवर. घाटातल्या आकड्याच्या वळणावर, समोरून एसटी येत असताना, गिअर हवाय का ब्रेक, हे हातांना आधी ठरवावं लागतं. वजनही साध्या रोड बाइकपेक्षा बहुधा जास्तच. त्यात उभं राहून पेडल मारायला ती अवघडते. रोड बाइकला थोडे पैसे घालून ट्रायथलॉनला नेता येतं. उलटं करायला गेलं तर जमत नाही.

तेव्हा रोड बाइक. आता कोणती?

दुकानात गेलं की पहिली गोष्ट माणूस करतो ती म्हणजे सायकल एका बोटावर उचलून बघतो. मीही केलं आहे. वजनाचं आपल्याला फार वेड. पण एकदा कागद-पेन्सिल घेऊन बसलं की गंमत कळते. सिंहगडाचा गाडीरस्ता साधारण नऊ किलोमीटरचा आणि चढाई सहाशे मीटरच्या आसपास. मी, सायकल, पाणी, कपडे मिळून सत्तर किलो. सत्तर किलो सहाशे मीटर उचलायचे म्हणजे सुमारे ४१० किलोजूल. माझे पाय तासभर टिकून १३० वॅट देतात. त्यातले टायरचं घर्षण आणि वारा यांचे वजा केले की उरतात ११५. भागाकार केला की येतो एक तास. आता सायकल एक किलोने हलकी घेतली, तर सत्तरातला एक गेला : पन्नास सेकंद वाचले. तासाभरात पन्नास सेकंद. त्या एका किलोसाठी दुकानदार साठ-सत्तर हजार जास्त मागत असतो. मोठ्या दोन बाटल्यांतलं पाणी दीड किलोचं. पायथ्याला एक बाटली रिकामी ठेवली आणि वर जाऊन भरली, तर जवळजवळ तेवढंच साधतं, फुकटात. तसंही टूर द फ्रान्सच्या सायकलीलाही ६.८ किलोच्या खाली उतरायला नियमानुसार परवानगी नाही.

मग मी त्या दिवशी चालत का गेले? सायकल तर हलकी होती. उत्तर दात्यांत आहे, आणि इथे जरा थांबायला हवं, कारण घाटातली सायकल म्हणजे मुळात तिचा सर्वांत हलका गिअर. बाकी सगळं नंतर.

पुढच्या चकतीचे दाते भागिले मागच्या चकतीचे दाते : पेडलच्या एका फेरीत चाक किती फेऱ्या घेतं, ते हे. माझ्या काळ्या सायकलीचा सर्वांत हलका गिअर ३९ भागिले २५, म्हणजे १.५६. चाकाचा घेर साधारण २.१ मीटर. म्हणजे एका फेरीत सव्वातीन मीटर पुढे. सिंहगडावर माझा वेग ताशी नऊ किलोमीटर, मिनिटाला दीडशे मीटर. भागून पाहा : मिनिटाला सेहेचाळीस फेऱ्या. पायाने पेडल फिरत नव्हतं, ढकललं जात होतं. आणि चढ जिथे बारा टक्क्यांवर जातो तिथे वेग पाचावर येतो, फेऱ्या पंचविसावर. पंचवीस फेऱ्या म्हणजे जिन्याच्या प्रत्येक पायरीवर गव्हाचं पोतं घेऊन चढणं. गुडघा म्हणतो, बाई, उतर.

आता पुढे ३४ आणि मागेही ३४ घ्या. पेडलची एक फेरी, चाकाची एक फेरी. त्याच नऊच्या वेगाला मिनिटाला एकाहत्तर फेऱ्या. बारा टक्क्यांच्या चढावर चाळीस. चाळीस ही काही ऐट नव्हे, पण चाळीसने माणूस सायकलवर राहतो. तोच माणूस, तेच फुप्फुस, तीच ताकद. फरक नऊ दात्यांचा मागे आणि पाच दात्यांचा पुढे.

पुढे ५० आणि ३४ दात्यांच्या चकत्यांना बाजारात ‘कॉम्पॅक्ट’ म्हणतात, ५२-३६ ला ‘सेमी कॉम्पॅक्ट’. साताऱ्याच्या साहेबांना हे सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पडल्याचं फोनवरूनही कळलं. ‘‘चौतीस-चौतीस? ते तर आजोबांचं झालं हो. गोव्याला सपाटीवर पाय नुसते गरगरतील.’’ ही भीती सगळ्यांनाच असते, म्हणून तिचाही हिशेब. सर्वांत जड गिअर ५० भागिले ११. मिनिटाला नव्वद फेऱ्या मारल्या तर वेग होतो ताशी एक्कावन्न किलोमीटर. ‘‘तुम्ही गोव्यात ताशी एक्कावन्नने नव्वद किलोमीटर जाणार असाल,’’ मी म्हणाले, ‘‘तर मला मुलाखत द्या.’’

एक मात्र मान्य करायला हवं. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाटात पहिला येणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. त्या जुन्या काळच्या शर्यतीच्या सायकलींना पुढे ५२ आणि ४२ दाते असत. ती माणसं ४२ वर घाट चढत होती. वडीलधारे सायकलवाले आजही आमच्या ३४ कडे बघून हसतात. हसू द्यावं. गुडघ्याचा डॉक्टर आपल्यालाच गाठायचा असतो.

दुसरी गोष्ट माप. मला ती सर्वांत महाग पडली, म्हणून तिच्यावर मी बोलायला लागले की थांबत नाही.

‘सीट खाली केली की झालं’ हे वाक्य सायकलच्या बाजारातलं सर्वांत खोटं वाक्य असावं. सीट खाली-वर होते, पण सीट आणि हँडल यांच्यातलं अंतर फ्रेमने ठरवून टाकलेलं असतं. फ्रेमची दोन मापं बघायची : स्टॅक आणि रीच. पेडलच्या मधल्या दांड्यापासून सरळ वर हँडलच्या नळीच्या तोंडापर्यंत किती उंची, ते स्टॅक. त्याच दांड्यापासून आडवं पुढे किती अंतर, ते रीच. स्टॅक जास्त आणि रीच कमी असेल तर माणूस जरा ताठ बसतो. उलट असेल तर वाकतो, ताणतो. दुकानात ‘एम’, ‘एस’, ‘५२’, ‘५४’ लिहिलेलं असतं त्यावर जाऊ नये, कारण एका कंपनीचा ५२ दुसरीच्या ५४ ला भारी पडतो. हे दोन आकडे मात्र खोटं बोलत नाहीत.

पुण्यात माझ्या सायकलचं काम करणारे एक मेकॅनिक आहेत. दुकान म्हणजे दहा बाय बाराचा गाळा, भिंतीवर गणपती आणि टायरी. ते मापाचं यंत्र वापरत नाहीत. गिऱ्हाइकाला अनवाणी भिंतीला उभं करतात, दोन्ही पायांच्या मध्ये एक जाड वही वर ओढून घ्यायला सांगतात आणि वहीच्या कडेला भिंतीवर पेन्सिलने रेघ मारतात. जमिनीपासून त्या रेघेपर्यंतची उंची गुणिले ०.८८३. एवढी सीट पेडलच्या दांड्यापासून वर. माझी रेघ ७२ सेंटिमीटरला आली, म्हणजे सीट साडेत्रेसष्टच्या आसपास. ‘‘हे कुठून शिकलात?’’ मी विचारलं. ‘‘मॅडम, अमेरिकेचा तो होता ना, टूर जिंकलेला, त्याचं आहे हे.’’ ग्रेग लेमाँड. त्याचा उल्लेख पुढे पुन्हा येणार आहे. हे सूत्र म्हणजे शेवटचा शब्द नव्हे, सुरुवात आहे. पण माझी काळी सायकल या रेघेसमोर अर्ध्या मिनिटात नापास झाली असती.

पाच फूट तीनच्या खालच्या बायकांसाठी एक वेगळा परिच्छेद लिहायलाच हवा, कारण तो कोणी लिहीत नाही. आपल्या मापाची फ्रेम दुकानात बहुतेक वेळा नसते. ‘मागवावी लागेल, तोवर ही बघा,’ म्हणून मोठी पुढे केली जाते. ती घेऊ नये. थांबावं. मिळाली की तीन गोष्टी तपासाव्यात. ब्रेकचा खटका बोटांच्या दुसऱ्या पेरापर्यंत येतो का. नसेल तर तो आत ओढून घेता येतो, त्यासाठी स्क्रू असतो, दुकानदार तो स्वतःहून फिरवत नाही. पेडल आडवं असताना हँडल वळवलं तर बुटाचं टोक पुढच्या चाकाला लागतं का. लहान फ्रेमवर पूर्ण मापाचं चाक असलं की हे होतं, आणि चढावर हळू वेगात वळताना माणूस त्यानेच पडतो. आणि क्रँकची लांबी : १७० मिलिमीटरऐवजी १६५ मिळाली तर गुडघा वरच्या टोकाला कमी दुमडतो. ट्रायथलॉनवाले तर आता उंच असले तरी आखूड क्रँक मागून घेतात.

साताऱ्याचे साहेब पाच फूट सहा. त्यांना मी पुण्याला त्या गाळ्यात आणलं. वही, पेन्सिल, रेघ. मग मेकॅनिकने त्यांना वाकून पायाची बोटं धरायला सांगितली. हात नडगीच्या मध्यावर अडकले. ‘‘रेसची फ्रेम नको,’’ मेकॅनिक म्हणाले, ‘‘ही पाठ मोडेल.’’

रोड बाइकचे ढोबळ प्रकार तीन. शर्यतीची, म्हणजे लांब, खोल, चपळ. वाऱ्याची, म्हणजे एअरो : जाड चपट्या नळ्या, उंच रिमा. आणि लांब पल्ल्याची, जिला ‘एंड्युरन्स’ म्हणतात : हँडल जरा वर, चाकांमधलं अंतर जरा जास्त, जाड टायरला जागा. जायंटची डिफाय, ट्रेकची डोमाने, स्पेशलाइज्डची रुबे, कॅननडेलची सिनॅप्स ही त्यातली नावं. कमी बजेटमध्ये डेकॅथलॉनची ट्रिबन. पहिल्या दोन प्रकारांतली भिंत आता पडत चालली आहे. स्पेशलाइज्डने २०२० मध्ये आपली एअरो सायकल बंद करून तिचे गुण चढाच्या टार्मॅकमध्ये ओतले, ट्रेकने २०२४ मध्ये हलकी एमोंडा वाऱ्याच्या मॅडोनमध्ये विलीन केली. तेव्हा ‘हलकी घेऊ की वाऱ्याची’ हा वाद कंपन्यांनीच मिटवत आणला आहे. उरला प्रश्न पाठीचा. आणि चाळिशीच्या, दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या पाठीला एंड्युरन्स फ्रेम हेच बहुतेक वेळा उत्तर असतं.

‘‘पण मग गोव्यात वाऱ्याचं काय?’’

वाऱ्याचं सांगायचं तर १९८९ च्या जुलैत जावं लागेल. टूर द फ्रान्सचा शेवटचा दिवस, व्हर्साय ते पॅरिस साडेचोवीस किलोमीटर, प्रत्येकाने एकेकट्याने घड्याळाशी लढायचं. फ्रान्सचा लोराँ फिन्यों पन्नास सेकंदांनी पुढे. एवढ्याशा अंतरात पन्नास सेकंद कोणी भरून काढत नाही, असं सगळे धरून चालले होते. लेमाँडने हँडलवर दोन दांडे पुढे काढून बसवले होते आणि त्यांवर कोपरं टेकून तो हात जोडल्यासारखा पुढे झुकला होता. हे दांडे त्याने शोधून काढलेले नव्हते. अमेरिकेतले ट्रायथलॉनवाले ते आधीपासून वापरत होते आणि रस्त्यावरचे शर्यतवाले त्यांना हसत होते. फिन्यों साध्या हँडलवर, डोक्यावर काही नाही, मागे बांधलेले केस वाऱ्यावर. लेमाँडने त्या दिवशी त्याला अठ्ठावन्न सेकंदांनी मागे टाकलं. तीन हजारांहून अधिक किलोमीटरची टूर आठ सेकंदांनी जिंकली.

या गोष्टीतलं आपल्या कामाचं सूत्र असं, की वारा अडतो तो मुख्यतः माणसाच्या अंगाला, सायकलीला नव्हे. ताशी तीसच्या वेगाला हात हँडलच्या वरच्या भागावर ठेवून बसण्याऐवजी कोपरं दांड्यांवर टेकून नीट झुकलं, तर माझ्या हिशेबाने पंधरा-वीस वॅट वाचतात. नव्वद किलोमीटरमध्ये ती सात-आठ मिनिटं झाली. एअरो फ्रेमने त्या वेगाला सहसा याच्या निम्मंही वाचत नाही. आणि हे क्लिप लावून बसवायचे दांडे, क्लिप-ऑन, काही हजारांत मिळतात. शर्यतीच्या आधी दोन महिने लावायचे, नंतर काढून माळ्यावर ठेवायचे.

दांडे लावले की एक अडचण होते. माणूस पुढे झुकतो, मांडी पोटाला टेकते, श्वास कोंडतो, आणि नंतर एकवीस किलोमीटर धावायचं असतं. म्हणून ट्रायथलॉन बाइकची सीटची नळी जास्त उभी असते : रोड बाइकची साधारण ७३ अंशांत, तिची ७६ ते ७८. सगळा माणूसच उचलून पुढे ठेवल्यासारखा. कंबर मोकळी राहते, मांडीच्या मागचे स्नायू धावण्यासाठी थोडे शिल्लक राहतात. रोड बाइकवर हेच साधायला सीट पुढे सरकवायची आणि किंचित वर घ्यायची. कॅनडाच्या सर्व्हेलो कंपनीने सोलोइस्ट नावाची सायकल काढली होती; तिच्या सीटपोस्टचं डोकं उलटं बसवलं की तीच सायकल रस्त्याची होती ती घड्याळाच्या शर्यतीची व्हायची. आपले साहेब जे मागत होते ते वीसेक वर्षांपूर्वीच कोणाला तरी सुचलं होतं. आज सीट पुढे नेणारा वेगळा सीटपोस्ट सुटा मिळतो. फक्त रविवारच्या घाटासाठी जुना परत बसवायचा, आणि दोन्ही जागी सीटपोस्टवर रंगीत टेपची खूण करून ठेवायची. नाहीतर प्रत्येक वेळी नवं दुखणं.

नियमही माहीत हवेत. गोव्यासारख्या शर्यतीत दुसऱ्याच्या मागे चिकटून त्याचा आडोसा घ्यायला बंदी. बारा मीटर अंतर ठेवावं लागतं, म्हणून तिथे हे दांडे चालतात आणि कामाचेही असतात. ऑलिम्पिकचं ट्रायथलॉन, २००० साली सिडनीला सुरू झालेलं, आडोसा घ्यायला परवानगी असलेलं. तिथे रोड बाइकच लागते. आमच्या रविवारच्या गटात तर दांडे लावून आलेल्याला सगळ्यांत मागे ठेवतात. कोपरं टेकलेली असली की ब्रेकवर हात नसतो. घाट उतरताना त्यांना हातही लावायचा नाही, हे साहेबांकडून मी तीनदा वदवून घेतलं.

उतार. चढाबद्दल सगळे बोलतात, माणसं पडतात उतारावर. सत्तर किलो सहाशे मीटर खाली आणायचे म्हणजे वर जाताना साठलेली सगळी ऊर्जा कुठेतरी जायला हवी. वाऱ्याने खाल्ली तेवढी खाल्ली, बाकीची ब्रेकमध्ये उष्णता होऊन बसते. रिमवर घासणारे ब्रेक कोरड्यात चांगले आहेत, मी अजून एका सायकलवर तेच वापरते. पण आपला घाटांचा मोसम पावसाळा. जुलैत ताम्हिणीला गेलं तर रिमवर पाणी, पाण्यात लाल माती; ब्रेक दाबला की आधी एक-दोन फेऱ्या नुसता खरखर आवाज येतो आणि मग पकड येते. त्या एक-दोन फेऱ्यांत वळण संपलेलं असतं. शिवाय रिम कार्बनची असेल तर ती तापते आणि पावसात आणखीनच घसरते. म्हणून नवी घेणाऱ्याने हायड्रॉलिक डिस्क घ्यावी. वजन थोडं वाढतं. वाढू दे.

टायर २५ मिलिमीटरचं लावून देतील. २८ चं मागावं आणि फ्रेममध्ये ३२ बसतं का ते विचारावं. रुंद टायरमध्ये हवा कमी भरायची असते. आपल्याकडे १२०च्या दाबाने टायर दगड करून ठेवायची खोड आहे, ती खड्ड्यांच्या रस्त्यावर हाडांनाही भोवते आणि वेगालाही. उंच रिमांची चाकं पहिल्या वर्षी घेऊ नयेत. खंबाटकीच्या बाजूला कंटेनरने ओलांडून जाताना पुढचं चाक हातभर सरकतं, ते एकदा अनुभवलं की हौस फिटते.

गिअरच्या सेटबद्दल थोडक्यात. शिमानोची शिडी खालून क्लॅरिस, सोरा, टियाग्रा, १०५, अल्टेग्रा, ड्युरा-एस अशी आपल्या दुकानांतून ओळखीची. १०५ च्या वर पैसे घालणं हौसेचं आहे. सोराच्या खाली उतरायचं असेल तर हरकत नाही, फक्त मागे ३२ तरी दाते मिळतायत ना, ते पाहा. ॲल्युमिनियमची चांगली फ्रेम आणि १०५, की कार्बनची फ्रेम आणि टियाग्रा? मी पहिलं म्हणेन. कार्बन छान असतं, पण मुंबई-पुण्याहून गोव्याला सायकल जाते ती टेम्पोत, दहा इतर सायकलींच्या अंगावर. उरलेले पैसे मापाला, चांगल्या टायरला, नीट चड्डीला. चड्डीवर कंजुषी करणारे लोक मी पाहिले आहेत. नंतर ते उभ्याने जेवतात.

साहेबांनी शेवटी घेतली ती ॲल्युमिनियमची एंड्युरन्स फ्रेम, १०५, हायड्रॉलिक डिस्क, २८ ची टायरं, पुढे ५०-३४, मागे ११-३४. ‘आजोबांची’, असं ते स्वतःच म्हणायला लागले. पहिले दोन महिने क्लिप-ऑन नाहीत, अशी अट मी घातली होती. पाठ आधी सायकलला सरावू दे.

पहिल्या रविवारी ते यवतेश्वरला गेले, दुसऱ्या रविवारी कासला जाऊन परत सातारा गाठला आणि पेढ्याचा फोटो पाठवला. चौथ्या रविवारी वाईहून पसरणीचा घाट. त्या दिवशी साडेनऊला पाचगणीहून फोन आला. मागे टेबललँडकडे निघालेल्या पर्यटकांचा कालवा, घोड्यांच्या टापा, आणि मध्ये यांची धाप.

‘‘पोहोचलात?’’

‘‘पोहोचलो. एकदाही उतरलो नाही.’’ मग पाणी प्यायल्याचा आवाज. ‘‘ताई, एक विचारायचं होतं. याला मागे छत्तीसची बसते का हो?’’

बसते. मेकॅनिकना मी त्याच दुपारी फोन केला.